दोन बादल्या आणि एक टॉवेल

दारात स्कूटर होती तोवर आम्ही ती पुसत असू; मोटार आली आणि तिची सेवा सुरू झाली. मराठीच्या प्राध्यापकाच्या पगारात, हप्ते पाडून का होईना, मोटार बसते. पण मोटारीचे लाड मात्र बसत नाहीत, हे पहिल्या महिन्यातच माझ्या ध्यानात आले. गाडी तशी नवी नव्हे. एका डॉक्टरांनी चार वर्षे वापरलेली, डाळिंबी रंगाची. रंग आमच्या सौभाग्यवतींनी पसंत केला. "डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र ज्या गावात, त्या गावच्या माणसाने डाळिंबी गाडी घ्यायची नाही तर कुणी?" हा त्यांचा युक्तिवाद. व्याकरणात मी त्यांना हरवू शकतो, युक्तिवादात नाही. छत्तीस हप्ते अजून बाकी आहेत. म्हणजे इंजिन, चाके, काचा, आसने हे सारे तूर्त बँकेचे. जपायची जबाबदारी तेवढी आमची.

गाडी आली आणि सल्लागारही आले. शेजारच्यांनी एका दुकानाचा पत्ता दिला. तिथे गाडीला 'सिरॅमिक कोटिंग' करून देतात म्हणे. दुकानदार फार गोड बोलला, चहा पाजला, आणि २५,००० रुपये होतील म्हणाला. मी चहाचा कप खाली ठेवला. घरी येऊन हा आकडा सांगताच सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढ्या पैशांत मी गाडीला पैठणी नेसवीन!" विषय तिथेच संपला. पण माझ्या मनातून तो गेला नाही. हे लोक नेमके जपतात तरी काय, आणि तेच काम आपल्या हाताने, आपल्या ऐपतीत होणार नाही काय, असा विचार सुरू झाला. मी कलाशाखेचा माणूस. रसायनशास्त्राचा आणि माझा संबंध शाळेतच सुटला. पण गरज पडली की प्राध्यापकही अभ्यास करतो!

तेव्हा कळले ते असे. आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो एक रंग नसून चार पदर आहेत. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग, आणि सर्वांत वर एक बिनरंगी, पारदर्शक थर. या चारही पदरांची मिळून जाडी साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे लाखो रुपयांच्या वस्तूची सारी शोभा दोन केसांच्या जाडीत मावलेली! आणि ती चकाकी ज्या वरच्या थरामुळे येते तो तर एका केसापेक्षाही पातळ, चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. हा थर एकदा झिजला की पुन्हा उगवत नाही. गाडी 'पॉलिश' करून आणली की ओरखडे दिसेनासे होतात, ते भरून निघतात म्हणून नव्हे. ओरखड्याच्या आजूबाजूचा थर तेवढा खरवडून सपाट केला जातो म्हणून. दर वर्षी हौसेने पॉलिश करणारा मनुष्य दर वर्षी आपल्या ठेवीतील मुद्दल खात असतो.

पूर्वी असे नव्हते. जुन्या गाड्यांना हा बिनरंगी थर नसे. फडक्यावर पॉलिश घेऊन चोळले की फडक्याला गाडीचा रंग लागे, आणि खालून ताजा रंग वर येई. आमच्या आधीच्या पिढीचे लोक 'गाडी कशी महिन्यातून एकदा घासली पाहिजे' असे सांगतात, ते त्यांच्या फियाटपुरते खरेच होते. आणि फियाटचे नाव निघाले की सोलापूरच्या माणसाने जरा ताठ बसावे, असा त्याला हक्क आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली आमच्या या सोलापुरातला. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी आपल्या देशात व्हाव्यात, हा त्यांचा ध्यास. १९४४ साली त्यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे याच कारखान्याची फियाट 'पद्मिनी' झाली, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून साऱ्या देशाला ठाऊक झाली. त्या टॅक्सीने २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. गिरण्यांच्या आणि चादरींच्या गावात जन्मलेल्या माणसाने मोटारीचे स्वप्न पाहावे, आणि त्याच गावात मोटारीचा रंग वाचवण्याचे रहस्य मला शेवटी टॉवेलात सापडावे, हा योगायोग मला फार आवडतो. पण ते पुढे सांगतो.

कोकणातल्या किंवा मुंबईच्या माणसाच्या गाडीला गंजाचे भय. आमची हवा कोरडी, त्यामुळे गंज आमच्याकडे जरा सावकाश येतो. आमचे शत्रू वेगळे. पहिला शत्रू ऊन. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टपाला हात लावण्याची सोय राहत नाही. सूर्यकिरणांपासून खालचा रंग वाचवणारी द्रव्ये त्या वरच्या थरात असतात. ती हळूहळू खर्ची पडतात. म्हणून थर सुटायला लागतो तो आधी टपावर आणि बॉनेटवर, दरवाजांवर नव्हे. दुसरा शत्रू पाखरे. त्यांच्या विष्ठेत आम्ल असते. तापलेल्या पत्र्यावरचा थर उन्हात थोडा मऊ पडतो, रात्री निवताना आकसतो, आणि वाळलेल्या विष्ठेचा ठसा घेऊन बसतो. त्यावर उपाय एकच. दिसल्याबरोबर ओला कपडा पाच मिनिटे त्यावर ठेवावा आणि मऊ झाले की उचलून घ्यावे. नखाने खरवडू नये. कडुनिंबाच्या गार सावलीत गाडी लावावी तर वर पाखरे आणि खाली डिंक. उन्हात लावावी तर ऊन. संसारात सगळी सावली फुकट मिळत नाही, हे त्या झाडाखाली चांगले समजते.

तिसरा शत्रू पाणी. हे ऐकून कुणालाही नवल वाटेल. पण आमच्या भागातले बोअरचे पाणी जड. ते गाडीवर शिंपडून उन्हात वाळू दिले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. त्याचे पांढरे गोल डाग पडतात. डाग ताजे असतील तर पांढरा व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून त्या ओल्या फडक्याने टिपावेत आणि लगेच साध्या पाण्याने धुवावेत. जुने झाले की ते थरात उतरतात. येथे आमच्या घरात एक छोटे भांडण झाले. पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी निघते ते सौभाग्यवती बादलीत साठवतात. वर्षानुवर्षे चार-चार दिवसांनी नळाला पाणी येण्याची सवय झालेल्या सोलापूरच्या गृहिणीला पाणी गटारात जाताना पाहवत नाही, आणि ते योग्यच आहे. ते पाणी गाडीला वापरा, असा त्यांचा आग्रह. पण यंत्राने शुद्ध पाण्यातून काढलेले सारे क्षार या टाकाऊ पाण्यातच एकवटलेले असतात. ते फरशीला चालते, संडासाला चालते; गाडीला मात्र बोअरच्या पाण्याहून वाईट. तडजोड निघाली ती अशी. वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी म्हणजे हवेतील बाष्पाचेच झालेले पाणी; त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते गाडीवर शेवटचा हात फिरवायला ठेवायचे, आणि टाकाऊ पाणी फरशीला. पावसाळ्यात हे ठिबकपाणी भरपूर मिळते. कडक उन्हाळ्यात हवाच कोरडी असल्याने थोडे मिळते. पण तेवढे पुरते.

हे तिन्ही शत्रू मला समजले, तरी एक कोडे उरलेच होते. रात्री दिव्याखाली गाडी उभी असली की बॉनेटवर दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे दिसत. ऊन असे ओरखडे काढत नाही, पाखरूही नाही. हे काम हाताचे होते. आणि तो हात मला ठाऊक होता.

आमच्या इमारतीत चौदा गाड्या आहेत. रोज पहाटे पाच वाजता एक गृहस्थ येतात आणि साडेसातच्या आत चौदाही गाड्या पुसून जातात. त्यांना सारी इमारत 'मामा' म्हणते. वय साठीच्या पुढे. एक बादली, एक फडके. तीन गाड्या झाल्या की बादलीतले पाणी बदलायचे, म्हणजे रोज पाच बादल्या. गाडीमागे महिना ३०० रुपये. ओरखड्यांचे गणित यात आपोआप सुटते. रस्त्यावरची वाळू आणि खडीचा भुगा गाडीवर बसतो. फडके तो पुसत नाही, ओढत नेते. पहिल्या गाडीची वाळू दुसऱ्या गाडीच्या बॉनेटवर फिरते, दुसरीची तिसरीवर. मामांचा यात काडीचाही दोष नाही. अडीच तासांत, एका बादलीने तीन-तीन गाड्या पुसून घेणारे आम्हीच.

सौभाग्यवतींनी सरळ मार्ग सुचवला. "उद्यापासून मामांना नको म्हणा. आपली गाडी आपण धुऊ." तो मार्ग सोपा होता, स्वस्त होता. पण ३०० रुपयांची बचत करताना कुणाच्या तरी महिन्याच्या बेरजेतून ३०० रुपये वजा होतात, हे मला दिसत होते. चौदा त्रिक बेचाळीस. चार हजार दोनशे रुपये हे त्या माणसाचे सारे उत्पन्न. मराठीत 'पुसणे' या शब्दाला दोन अर्थ आहेत, स्वच्छ करणे आणि विचारणे. मी ठरवले, पहिले पुसणे बंद करण्यापूर्वी दुसरे पुसून पाहावे.

त्या रविवारी मी पहाटे खाली गेलो. हातात नवाकोरा टॉवेल होता, बाजारातून खास गाडीसाठी आणलेला. मामांनी तो हातात घेतला, अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून चोळला, आणि हसले.

"सर, कितीला दिला हा?"

मी किंमत सांगितली.

"गंडवलं की तुम्हाला. हा नुसता दिसायला गुबगुबीत. याचे फासे उभेच नाहीत, झोपलेत बगा."

मग जे कळले ते पाच वर्षांत मी त्यांना कधी विचारले नव्हते, आणि त्यांनी सांगितले नव्हते. मामांनी बावीस वर्षे पूर्व भागात यंत्रमागावर टॉवेल विणले होते. माग बंद पडला, मालकाने शेड विकली, तेव्हा त्यांनी बादली हातात घेतली. टॉवेलाचे व्याकरण त्यांनी मला तिथे, गाडीच्या बॉनेटवर तो पसरून सांगितले. "मागावर दोन ताणे असतात सर. एक ताठ, एक ढिला. आडवे तीन धागे घातले की फणी ठोकती, अन् ढिल्या ताण्याचा फासा वर उभा राहतो. तो उभा हाय तोवर धूळ त्याच्या पायाशी जाऊन बसती, वर येत नाही. तो झोपला की धूळ वरच्या वर. मग ती कापती."

आज जगभर गाडी पुसायला जे मायक्रोफायबरचे कापड वापरतात, त्याचे तत्त्व याहून निराळे नाही. कणाला वर घसटू न देता तंतूंच्या खोलीत ओढून घ्यायचे. ते कापडही चांगले, पण ज्या गावच्या टॉवेलाला भौगोलिक मानांकन आहे त्या गावात घरोघरी असलेली वस्तू आधी का वापरू नये? मामांचे नियम तीन. नवा टॉवेल तीन-चार धुण्यांनंतरच वापरायचा, म्हणजे खळ जाते, सुटे सूत निघून जाते आणि फासे मोकळे होतात. कपडे मऊ करणारे औषध त्याला लावायचे नाही. त्याने फाशांवर लेप बसतो आणि ते पाणी पीत नाहीत. आणि तिसरा नियम मला कोणत्याही पुस्तकात इतका सुटसुटीत मिळाला नव्हता. "काठ कापून टाका सर. ओरखडा मधल्या टॉवेलानं नाही पडत. काठाच्या शिवणीनं पडतो."

तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही दोघे मिळून आमची गाडी धुतो. पद्धत साधी आहे. वाचकांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. ऊन यायच्या आत, इंजिन आणि चाके थंड असताना सुरुवात करावी. शेतात औषध मारायला वापरतात तसला हातपंप, पण कोरा, कधीही औषध न भरलेला, दोन लिटरचा आणावा. त्याने आधी सारी गाडी ओली करावी, म्हणजे धूळ सुटते. मग दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू घातलेले पाणी, दुसरीत नुसते पाणी. टॉवेल शाम्पूत बुडवावा, एक भाग पुसावा, आणि पुन्हा शाम्पूत घालण्याआधी नुसत्या पाण्याच्या बादलीत खळबळून घ्यावा. धूळ दुसऱ्या बादलीच्या तळाशी राहते, गाडीकडे परत येत नाही. टपापासून सुरुवात करून खाली यावे, कारण सर्वांत जास्त वाळू दरवाजांच्या खालच्या भागात असते. गोल गोल हात फिरवू नये, सरळ फिरवावा. भांडी घासायचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. ती मळाबरोबर मेणही नेते. पंप आणि दोन बादल्या मिळून पाणी लागते पस्तीस लिटरच्या आत. नळी लावून धुणारा माणूस एवढे पाणी तीन-चार मिनिटांत वाहवतो.

चाकांची गोष्ट वेगळी. त्यांचा टॉवेल वेगळा, पाणी वेगळे, आणि ते कधीही बॉनेटकडे न्यायचे नाही. पुढच्या चाकांवर जी काळी पूड बसते ती नुसती धूळ नव्हे. ब्रेक दाबला की पॅड आणि तबकडी एकमेकींवर घासतात, त्यातून लोखंडाचे तापलेले कण उडतात आणि रिमवर चिकटतात. ओल लागली की ते गंजतात आणि तपकिरी ठिपके पडतात. दर आठवड्याला साध्या शाम्पूने आणि रंगाच्या जुन्या मऊ ब्रशाने ही पूड काढली तर पुढे तेजाब मारायची वेळ येत नाही. अलॉयच्या चाकालाही तोच पातळ पारदर्शक थर असतो. तेजाबी औषधाने चाक पाच मिनिटांत पांढरे निघते, आणि पुढे तो थर उडतो. डांबराचे थेंब केरोसिनच्या किंवा टर्पेंटाइनच्या बोळ्याने टिपावेत आणि ती जागा लगेच शाम्पूने धुवावी. टायरला मात्र डिझेल किंवा जुने ऑइल फासू नये. दोन दिवस टायर काळेभोर दिसते खरे, पण तेलाने रबर फुगते आणि कमकुवत होते. टायर तपकिरी दिसते ते म्हातारपणामुळेच असे नाही. रबराला भेगा पडू नयेत म्हणून त्यात घातलेले द्रव्य हळूहळू वर येते, त्याचा तो रंग. ब्रशने घासावे, आणि हौसच असेल तर पाण्यात थोडे ग्लिसरीन मिसळून हात फिरवावा. तेही टायरच्या बाजूला. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर नव्हे.

बाकीचे काम मी एकटा करतो. सोलापूर-पुणे रस्त्यावर पुढच्या ट्रकने उडवलेल्या खड्यांनी बॉनेटवर टवके काढले होते. गाडीच्या पाटीवर रंगाचा क्रमांक असतो. त्या क्रमांकाची टच-अपची छोटी बाटली मिळते. टवक्याची जागा स्पिरिटने पुसायची, टूथपिकच्या टोकाने थेंबभर रंग ठेवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा ठेवायचा. एकदाच जाड थर दिला तर तो फोडासारखा दिसतो. हे काम करताना मला पदवीच्या उत्तरपत्रिका तपासल्यासारखे वाटते. चूक झाकायची नाही, पण बाकीचा कागद खराबही करायचा नाही.

मग मेण. कार्नोबा नावाचे मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येते. त्या झाडाने कोरड्या उन्हात पानातले पाणी राखण्यासाठी ते निर्माण केलेले असते, तेव्हा सोलापूरला ते मानवेल यात शंका नको. गाडी धुऊन कोरडी करावी, सावलीत पातळ हात द्यावा, वाळले की कोरड्या टॉवेलाने उतरवावे. मेण आहे की गेले हे पाहायला पाण्याचा शिपका पुरे. थेंब मोत्यांसारखे उभे राहिले तर आहे, पाणी पसरले तर गेले. आमच्या उन्हात ते फार दिवस टिकत नाही; मी दर दोन-तीन महिन्यांनी लावतो. बादल्या, पंप, शाम्पू, मेण आणि रंगाची बाटली धरून माझा पहिल्या वर्षाचा खर्च २,००० रुपयांच्या आत राहिला. दुकानदाराच्या पंचवीस हजारांचे कोटिंग मेणापेक्षा जास्त टिकते, हे मी नाकारत नाही. पण त्या कोटिंगवरही एका बादलीतले फडके फिरले तर ओरखडेच पडतात.

खरी परीक्षा पुढे आली. इमारतीच्या मासिक सभेत एका गृहस्थांनी ठराव मांडला की मामांच्या ऐवजी यंत्राने गाड्या धुणाऱ्या एका गाडीवाल्याला कंत्राट द्यावे. तो महिन्यातून दोनदा येईल, जोराच्या फवाऱ्याने धुऊन जाईल. मामा बाहेर पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. त्यांना सारे ऐकू येत होते. मी उभा राहिलो. वर्गात मी रोज बोलतो. पण त्या दिवशी घसा कोरडा पडला होता, कारण वर्गात माझ्या बोलण्यावर कुणाची भाकरी अवलंबून नसते.

मी सांगितले ते एवढेच. रोज पुसणे हे गाडीचे नुकसान आहे. मामांनी रोज चौदा गाड्या घाईने पुसण्याऐवजी रोज दोन गाड्या नीट धुवाव्यात. आठवड्यात चौदा होतात. आज पाच बादल्या पाणी लागते, उद्या चार लागेल. पैसे तेच द्यावेत. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ लगेच म्हणाले, "वा! आज महिन्यात तीस वेळा पुसायचे तीनशे देतो, उद्या चार वेळांचे तीनशे द्यायचे? हे कुठले गणित?" मी त्यांना खाली नेले आणि त्यांच्याच गाडीच्या काळ्या बॉनेटवर मोबाइलचा दिवा धरला. जाळे लख्ख दिसले. शेजारी आमची गाडी होती. तिथेही दिवा धरला. जुने ओरखडे होते, पण नवे नव्हते. ते काही वेळ दोन्हीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तीस वेळा नुकसान करून घेण्याचे पैसे देत होतो म्हणायचे." बँकेच्या माणसाला हिशेब कळायला वेळ लागत नाही, फक्त वही समोर धरावी लागते.

नऊ घरांनी नवी रीत पत्करली. पाच घरांना रोज पुसलेली गाडीच हवी होती. कार्यालयात जाताना गाडीवर धूळ दिसली तर लोक काय म्हणतील, ही भीती ओरखड्यांच्या भीतीपेक्षा मोठी असते. तेव्हा मामा त्या पाच गाड्या अजूनही रोज पुसतात. मात्र आता आधी पंपाने ओल्या करून, आणि प्रत्येक गाडीला वेगळा टॉवेल घेऊन. टॉवेल घरोघरच्या जुन्या साठ्यातून मिळाले, काठ मामांनी स्वतः कापले. त्यांचा एक रुपया कमी झाला नाही. कंत्राटाचा ठराव मागे पडला. कायमचा की पुढच्या सभेपर्यंत, ते सांगता येत नाही.

दिवाळीच्या दिवसांत दोन गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवाव्यात. दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडीची पूजा करतो तेव्हा ओल्या कुंकवाचे स्वस्तिक तापलेल्या बॉनेटवर काढू नये, आणि पूजा झाली की त्याच संध्याकाळी हलक्या हाताने धुवावे. हळदीचा डाग ऊनच घालवते, पण बाजारच्या कुंकवातला रंग चिकटून बसतो. झेंडूची माळही पत्र्यावर सुकू देऊ नये. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री गाडीवर आवरण घालून निश्चिंत झोपू नये. नायलॉनच्या आवरणावर ठिणगी पडली तर ते वितळून रंगाला चिकटते. एरवीसुद्धा धुळीच्या गाडीवर आवरण घालणे म्हणजे वाऱ्याच्या हाती फडके देणे.

सिरॅमिकवाला दुकानदार मला परवा भाजीबाजारात भेटला. गाडी पाहून म्हणाला, "सर, कुठून करून घेतलंत?" मी खरे ते सांगितले. त्याला ते पटले नसावे. पण माझ्या मनात दुसराच विचार चालू होता. मराठीत 'जपणे' हा एक विलक्षण शब्द आहे. जप करतो तोही जपतो, आणि वस्तू सांभाळतो तोही जपतो. पूर्वी मी वर्गात हा शब्द सांगून पुढे जात असे. आता थांबतो. एकदाच पुष्कळ पैसे देऊन जे होते ते रक्षण असेल. जपणे मात्र पुन्हा पुन्हा, थोडे थोडे, हाताने करावे लागते. रंगाचे तसेच, आणि रोज पहाटे आपल्या दाराशी येणाऱ्या माणसाचेही तसेच. पाच वर्षे मामा माझी गाडी पुसत होते, आणि बावीस वर्षांच्या कारागिरीचा हात त्या फडक्यामागे आहे हे इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हते. आता रविवारी काम झाले की आम्ही दोघे पायरीवर बसून चहा घेतो. मामा टॉवेल पिळून उन्हात टाकतात, पण आधी एकदा हाताने झटकून. "का हो?" म्हणून मी विचारले, तेव्हा म्हणाले, "फासे उभे राहावे लागतात सर. झोपले की संपलं."